मधुमेह असलेल्या मुलाचे दात : सगळा दोष पाण्यावर टाकू नका

यवतमाळ जिल्ह्यात एखाद्या मुलाच्या दातांवर पिवळट-तपकिरी डाग दिसले, की कारण शोधायची गरजच कुणाला वाटत नाही. ‘पाण्यानं झालं’ एवढं म्हणून विषय संपतो. हे म्हणणे निराधार नाही. पांढरकवडा परिसरातील भूजलात आढळणाऱ्या फ्लोराइडवरचा अभ्यास २००७ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे आणि जिल्ह्यातल्या अनेक गावांना हे डाग चांगले ओळखीचे आहेत. पण ओळखीचे कारण हाताशी असले की दुसरे कारण शोधले जात नाही. ज्या मुलाला मधुमेह आहे त्याच्या बाबतीत ही सवय महागात पडते. त्याच्या दातांवर, हिरड्यांवर आणि दात येण्याच्या वेळेवर रक्तातल्या साखरेचाही परिणाम होऊ शकतो. तो वेळीच ओळखला तर बरेच नुकसान टाळता येते. म्हणून या लेखाचे सांगणे एवढेच आहे : मधुमेह असलेल्या मुलाच्या दातांची काळजी हा त्याच्या मधुमेहाच्या उपचाराचाच भाग आहे, ती निदानाच्या दिवसापासून सुरू व्हायला हवी, आणि आपल्या जिल्ह्यात तिच्यासोबतच मूल कुठले पाणी पिते हेही विचारायला हवे.

आधी दात कसा घडतो ते पाहू, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. दात हिरडीतून बाहेर डोकावतो तेव्हा त्याच्या दिसणाऱ्या भागाचे बांधकाम केव्हाच उरकलेले असते. दुधाचे दात आईच्या पोटात, गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास टणक होऊ लागतात. कायमच्या पहिल्या दाढेची सुरुवात जन्माच्या आसपास होते, तर समोरच्या बहुतेक पटाशीच्या दातांची त्यानंतर काही महिन्यांनी. चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत पटाशीच्या दातांचा दिसणारा भाग पूर्ण होतो, सुळे आणि उपदाढांचा साधारण पाच ते सात वर्षांपर्यंत आणि दुसऱ्या दाढेचा सात-आठ वर्षांपर्यंत. अक्कलदाढ त्याच्याही नंतर. मुळे मात्र दात बाहेर आल्यावरही दोन-तीन वर्षे वाढत राहतात. दातावरचे कठीण कवच, म्हणजे इनॅमल, ज्या पेशी घडवतात त्या काम संपले की नाहीशा होतात. मोडलेले हाड जुळते, फाटलेली कातडी भरून येते. इनॅमलला मात्र स्वतःला दुरुस्त करण्याची सोय नाही. ते घडत असताना शरीरात झालेल्या मोठ्या बिघाडाची खूण त्यात कायमची राहू शकते.

मधुमेह या घडणीत तीन ठिकाणी हात घालतो. पहिले ठिकाण इनॅमलचे. प्रयोगशाळेत मधुमेह घडवलेल्या उंदरांच्या दातांत इनॅमल पातळ आणि सदोष झाल्याचे दिसले आहे. माणसांत, गरोदरपणी मधुमेह असलेल्या मातांच्या मुलांच्या दुधाच्या दातांवर इनॅमलचे दोष जास्त आढळल्याचे जुन्या स्वीडिश अभ्यासांनी नोंदवले आहे. दुसरे ठिकाण दात उगवण्याच्या वेळेचे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली ‘पिडियाट्रिक्स’ या नियतकालिकात मधुमेह असलेल्या २७० आणि नसलेल्या ३२० मुलांची तुलना प्रसिद्ध केली. सहा ते चौदा वयोगटातल्या या मुलांपैकी दहा ते चौदा वर्षांच्या मधुमेही मुलांमध्ये कायमचे दात अपेक्षेपेक्षा लवकर बाहेर येण्याचा कल दिसला. हिरडीची सूज आणि दाताभोवतालच्या हाडातील बदल यांचा याच्याशी संबंध असावा, असा तर्क आहे. तिसरे ठिकाण हिरड्यांचे, आणि इथला पुरावा अधिक ठाम आहे. याच विद्यापीठातील गटाने २००६ साली सहा ते अठरा वयाच्या १८२ मधुमेही आणि १६० बिनमधुमेही मुलामुलींची तपासणी प्रसिद्ध केली. दाताला धरून ठेवणाऱ्या ऊतींची झीज मधुमेही मुलांत स्पष्टपणे जास्त होती आणि ती अगदी लहान वयात सुरू झालेली होती. हिरडीचा आजार म्हणजे चाळिशीनंतरची गोष्ट, ही आपली समजूत या मुलांना लागू पडत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. मुलांमधला मधुमेह बहुतेक वेळा टाइप १ प्रकारचा असतो आणि तो पाच वर्षांनंतर, विशेषतः दहा ते चौदाच्या वयात जास्त उघड होतो. तोवर समोरच्या दातांचे इनॅमल घडून झालेले असते. मग दोष मधुमेहाला कसा देणार? हा आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो अर्धा भाग मान्य केलाच पाहिजे. बाराव्या वर्षी मधुमेह निघालेल्या मुलाच्या पटाशीच्या दातावरचा खड्डा मधुमेहाने पडलेला नाही. पण दोन-तीन वर्षांच्या वयात निदान झालेल्या मुलाचे सुळे, उपदाढा आणि दुसऱ्या दाढा तेव्हा घडत असतात आणि त्यांच्या बाबतीत शंका घेणे योग्य ठरते. उशिरा निदान झालेल्या मुलातही मुळांची वाढ, दात उगवण्याची वेळ, हिरड्या आणि लाळ या गोष्टी पुढेही चालूच असतात. दातांना जास्त कीड लागते का, या प्रश्नावर तर अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत : साखर आटोक्यात नसेल तर लाळ कमी होते, तिच्यात ग्लुकोज वाढते आणि कीड फोफावते; पण गोडधोड बेताने खाणाऱ्या, नियमित इन्सुलिन घेणाऱ्या मुलाचे दात शेजारच्या मुलापेक्षा चांगलेही असू शकतात. याचा अर्थ पुरावा लंगडा आहे असा नाही. नुकसान मधुमेहाच्या नावाने होत नाही, ताब्यात नसलेल्या साखरेने होते, असा त्याचा अर्थ आहे. आणि ही आशेची गोष्ट आहे, कारण साखर ताब्यात ठेवता येते.

आता आपल्या जिल्ह्याचा प्रश्न : डाग पाण्याचा की आणखी कशाचा, हे ओळखायचे कसे? अंतिम निर्णय दंतवैद्याचा, पण घरी उजेडात नीट पाहिले तरी बरेच कळते. सकाळी दात घासून झाल्यावर मुलाला दाराशी उभे करा, वरचा ओठ अलगद वर उचला आणि दात ओलसर असतानाच पाहा. फ्लोराइडचा परिणाम सहसा डाव्या-उजव्या बाजूला सारखा असतो. आडव्या, खडूसारख्या पांढऱ्या रेघा किंवा ढगाळ ठिपके बऱ्याच दातांवर पसरलेले असतात आणि त्यातल्या काही जागा पुढे तपकिरी पडतात. कारण तेच पाणी मूल वर्षानुवर्षे पीत असते. ठरावीक काळातल्या आजारपणाची खूण वेगळी असते : एक खाच किंवा बारीक खड्ड्यांची ओळ, तीही वेगवेगळ्या दातांवर वेगवेगळ्या उंचीवर. दाताचे टोक आधी घडते आणि हिरडीजवळचा भाग शेवटी. त्यामुळे दोन-अडीच वर्षांच्या वयात झालेल्या बिघाडाची खूण पटाशीच्या दातावर मध्याजवळ दिसेल, तर उशिरा घडणाऱ्या सुळ्यावर टोकाकडे. एकाच दातावर वेगळा डाग असेल तर त्या जागी पूर्वी मार लागला होता का, किंवा तिथला दुधाचा दात किडून पू झाला होता का, ते आठवा. एका मुलाच्या तोंडात ही तिन्ही कारणे एकत्र असू शकतात, हे मात्र विसरू नका.

पाणी आणि साखर ही दोन कारणे वेगवेगळी असली तरी आपल्याकडे त्यांची एका ठिकाणी गाठ पडते : तहानेत. रक्तातली साखर फार वाढली की ती लघवीवाटे जाऊ लागते, सोबत पाणी ओढून नेते आणि मूल सारखे पाणी मागते. आता हिशेब करा. लिटरमागे २ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेल्या बोअरचे पाणी दीड लिटर प्यायले तर पोटात ३ मिलिग्रॅम जाते; साखर वाढलेले मूल तेच पाणी चार लिटर प्यायले तर ८ मिलिग्रॅम. पाणी तेच, गाव तेच, पण या मुलाच्या वाट्याला येणारे फ्लोराइड अडीच पटींहून जास्त. आठ वर्षांच्या आतल्या मुलाचे दात त्या वेळी घडत असतील तर हे जास्तीचे फ्लोराइड थेट त्या घडणीत जाते. साखर ताब्यात आली की तहान इतर मुलांसारखी होते, म्हणजे इन्सुलिन वेळेवर देणे हा फ्लोराइडपासून वाचवण्याचाही एक उपाय आहे. तहानेची दुसरी बाजू निदानाची. यवतमाळच्या एप्रिल-मे महिन्यांत मूल सतत पाणी मागते म्हणून कुणी डॉक्टरकडे नेत नाही. ऊनच तसे असते. पण उन्हाने लागलेल्या तहानेत घाम जातो आणि लघवी कमी होते. मूल पाणीही जास्त पिते, लघवीलाही वारंवार जाते, सुटलेली अंथरूण ओले करायची सवय परत लागली आहे आणि वजन उतरत आहे, असे दिसले तर त्याच दिवशी बोटातून रक्त काढून साखर तपासून घ्या. अशी लक्षणे असताना कोणत्याही वेळची साखर २०० किंवा त्याहून जास्त आली तर दवाखाना गाठायला उशीर करू नका. उलट्या, पोटदुखी किंवा धाप लागली असेल तर तासाभराचीही वाट पाहू नका.

पाण्याबाबत काय करायचे? भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. आपल्या हातपंपाचे किंवा नळयोजनेचे पाणी किती आहे, हे ग्रामपंचायतीत विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे; भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना तपासता येतो. चवीवरून किंवा रंगावरून फ्लोराइड कळत नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटले तर त्याचे प्रमाण वाढते. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, पण घरी अंदाजाने फिरवलेल्या तुरटीवर फ्लोराइडसाठी भरवसा ठेवता येत नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना मोजून, ठरलेल्या क्रमाने वापरावा लागतो. साध्या कँडल फिल्टरनेही फ्लोराइड निघत नाही. आरओ यंत्राने किंवा त्यासाठीच बनवलेल्या अॅल्युमिना गाळणीने निघते. गावात तपासून चांगली ठरलेली विहीर असेल तर निदान मधुमेही मुलाचे पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी तिथूनच आणा. बिनसाखरेचा कोरा चहा मधुमेहात चालतो म्हणून मुलाला वारंवार दिला जातो, तोही टाळा; चहाच्या पानातच फ्लोराइड असते.

‘दुधाचे दात पडणारच आहेत, त्यांचे कशाला एवढे कौतुक?’ हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. त्याला दोन उत्तरे आहेत. दुधाच्या दाढेच्या मुळांच्या कुशीतच कायमच्या दाताचा अंकुर वाढत असतो, त्यामुळे वरच्या दाढेत पू झाला तर खाली घडत असलेल्या दाताचे इनॅमल खराब होऊ शकते. दुसरे उत्तर मधुमेही मुलापुरते : तोंडातला जंतुसंसर्ग हा शरीरातला संसर्गच असतो, तो साखर चढवतो आणि चढलेली साखर संसर्ग बरा होऊ देत नाही. शिवाय एक घोटाळा नेहमी होतो. सहा वर्षांच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक दाढ कोणताही दात न पडता येते. ती दुधाची समजून दुर्लक्षिली जाते आणि किडते. ती कायमची पहिली दाढ असते आणि आयुष्यभर तिच्यावरच चावायचे असते. मधुमेही मुलात दात वेळेआधीही येऊ शकतात, म्हणून पाचव्या वर्षापासूनच तिच्या जागेवर नजर ठेवा. नुकत्याच आलेल्या दाताचे इनॅमल पुरते पक्के झालेले नसते. पहिली दोन वर्षे त्याला सर्वाधिक जपायचे असते. खोल खाचांच्या दाढेवर दंतवैद्याकडून सीलंट भरून घेता येते.

दातांसाठी सगळ्यात मोठा उपाय ब्रश नव्हे, साखरेवरचा ताबा आहे. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी बहुतेक मुलांसाठी ७ टक्क्यांच्या खाली ठेवण्याचे ध्येय असते. तुमच्या मुलासाठीचा आकडा डॉक्टर ठरवतील. इथे विदर्भापुरती एक सूचना महत्त्वाची आहे. मुलाला सिकलसेलचा आजार असेल तर त्याच्या लाल पेशी लवकर मरतात आणि एचबीए१सी खऱ्यापेक्षा कमी दिसू शकते. आकडा चांगला आला म्हणून निश्चिंत राहू नका. सिकलसेलची बाब डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि रोजच्या ग्लुकोमीटरच्या नोंदींवर भर द्या. सिकलसेलचा वाहक असलेल्या मुलातही काही यंत्रांवर आकडा चुकू शकतो, म्हणून तेही कळवा.

घरातली शिस्त मग तीन-चार गोष्टींपुरती उरते. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी मऊ ब्रशने दात घासायचे, सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने स्वतः घासून द्यायचे. पेस्ट तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी, आणि ती गिळू द्यायची नाही. तुमच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर लहान मुलाला कोणती पेस्ट द्यायची ते दंतवैद्याला विचारून ठरवा. हिरडीतून रक्त येते म्हणून घासणे थांबवू नका. रक्त येणे हीच हिरडी सुजल्याची खूण आहे आणि ती दंतवैद्याला दाखवायला हवी. साखर ७० च्या खाली उतरली तर दातांचा विचार न करता लगेच ग्लुकोज किंवा साखर द्यायची, रात्री दोन वाजता असले तरी. मूल सावध झाले, आकडा वर आला, की मग पाण्याने खळखळून चूळ भरायला लावायची. उतरलेली साखर चढवायला चिकट चॉकलेटपेक्षा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून देणे दातांनाही बरे आणि कामही लवकर करते. मूल गुंगीत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही न घालता दवाखान्यात न्या. मूल मोठे होऊन मित्रांत वावरू लागले की तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा प्रश्न येतो. टपरीवर मिळणारा खर्रा कुणाच्याही हिरड्या खातो, मधुमेहात तर नुकसान अधिक वेगाने होते असेच समजून चालावे; दात घासायला तंबाखूची मिसरी वापरणेही तितकेच घातक. दहावी-बारावीच्या मुलाशी याविषयी स्पष्ट बोला, दम देऊन नव्हे तर कारण सांगून.

दंतवैद्याकडे दर सहा महिन्यांनी जायचे, दुखत नसले तरी. वेळ शक्यतो सकाळची घ्या आणि मुलाला नेहमीचे इन्सुलिन व नाश्ता देऊनच न्या; उपाशी नेल्यास खुर्चीतच साखर उतरू शकते. मधुमेह आहे हे आधी सांगा, ताज्या नोंदींची वही, ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज सोबत ठेवा. भूल दिलेल्या बाजूने काही तास चावता येत नाही, तेव्हा पुढचे जेवण कसे आणि इन्सुलिन किती, हे आधीच विचारून घ्या. आणि दंतवैद्याला दोन गोष्टी स्वतःहून सांगा : मधुमेहाचे निदान कितव्या वर्षी झाले, आणि मूल जन्मापासून कुठले पाणी पीत आले. या दोन उत्तरांवरून दातांवरच्या खुणांचा अर्थ लावता येतो.

‘इन्सुलिन आणि साखर मोजायच्या पट्ट्यांचाच खर्च झेपत नाही, त्यात दातांचे काय घेऊन बसलात?’ हा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. पण हिशेब उलटा आहे. पू झालेल्या दाढेमुळे वाढलेले इन्सुलिन, औषधे, बुडालेली मजुरी आणि नागपूरच्या फेऱ्या यांपुढे सहामाही तपासणी स्वस्त पडते. मधुमेहासाठी यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात येणेच होत असेल, तर त्याच फेरीत दंत विभागात दाखवून घ्या. मोठ्या उपचारासाठी नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आणि सावंगी (मेघे) येथील दंत महाविद्यालय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, दातही पाहते. आपल्या मुलाला मधुमेह आहे हे त्या दिवशी शिक्षकांमार्फत पथकाला कळवायला हवे. शिक्षकांकडून एवढीच अपेक्षा की अशा मुलाला वर्गात पाणी प्यायला, लघवीला जायला आणि साखर उतरल्यास खायला अडवू नये.

पाण्याचा प्रश्न गावाने आणि शासनाने सोडवायचा आहे, त्याचा आग्रह सोडू नये. पण तो सुटेपर्यंत मधुमेही मुलाचे दात वाट पाहत थांबणार नाहीत. पुढच्या वेळी साखर दाखवायला डॉक्टरांकडे जाल तेव्हा नोंदींच्या वहीत एक पान दातांसाठी ठेवा : निदानाचे वय, पाण्याचा स्रोत, नवीन आलेले दात, हिरडीतून रक्त येते का, शेवटची दंततपासणी कधी झाली. डॉक्टरांना आणि दंतवैद्याला तेच पान दाखवा. म्हणजे त्या मुलाच्या दाताविषयी कुणी ‘पाण्यानं झालं’ म्हणून विषय संपवू शकणार नाही.